आर्थर क्रॉफर्ड

आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड (इ.स. १८३५ – इ.स. १९११) हे मुंबई इलाख्यातील ब्रिटिश सनदी अधिकारी होते. इ.स. १८६५ च्या म्युनिसिपल कायद्याने निर्माण झालेल्या पदावर नेमले गेलेले ते मुंबई शहराचे पहिले म्युनिसिपल कमिशनर होत. मुंबईतील क्रॉफर्ड मार्केट त्यांच्याच नावाने प्रसिद्ध आहे. पुढे मध्य विभागाचे कमिशनर म्हणून पुण्यात असताना इ.स. १८८८ मध्ये त्यांच्यावर हाताखालच्या मामलेदारांकडून बढती व बदलीसाठी पैसे घेतल्याचे आरोप झाले. चौकशी आयोगाने लाचेचे आरोप सिद्ध मानले नाहीत. मात्र आपल्याच विभागातील लोकांकडून कर्जाऊ रकमा घेतल्याबद्दल त्यांना दोषी ठरवण्यात आले आणि इ.स. १८८९ मध्ये सेवेतून काढून टाकण्यात आले. या चौकशीत साक्ष देणाऱ्या मामलेदारांना सरकारने दिलेले अभयवचन पाळावे की नाही, यावरून जो वाद उद्भवला तो महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासात क्रॉफर्ड प्रकरण किंवा मामलेदार प्रकरण या नावांनी ओळखला जातो.

सेवेतील प्रवेश

क्रॉफर्ड इ.स. १८५४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नागरी सेवेत दाखल झाले. कंपनीच्या संचालकांच्या शिफारशीने नेमणुका होण्याच्या जुन्या पद्धतीची ती अखेरची वर्षे होती. इ.स. १८५५ पासून लंडनमध्ये स्पर्धा परीक्षा सुरू झाल्या. त्याच सुमारास खुद्द इंग्लंडमधील सरकारी नोकऱ्यांतील वशिलेबाजीवर टीका करणारा नॉर्थकोट–ट्रेव्हेलियन अहवाल प्रसिद्ध झाला होता.

कंपनीच्या अधिकाऱ्यांविषयीची एक समजूत क्रॉफर्ड यांच्या पुढील आयुष्याशी निगडित आहे. अठराव्या शतकात बंगालमध्ये कंपनीचे गोरे नोकर नजराणे आणि खासगी व्यापार यांतून गबर झाले होते. त्याबद्दल वॉरन हेस्टिंग्ज यांच्यावर ब्रिटिश पार्लमेंटमध्ये महाभियोग चालला. तो इ.स. १७८८ मध्ये सुरू झाला आणि इ.स. १७९५ मध्ये त्यांच्या दोषमुक्ततेने संपला. त्याच काळात लॉर्ड कॉर्नवॉलिस यांनी युरोपीय अधिकाऱ्यांचे पगार भरघोस वाढवले आणि वरची पदे भारतीयांसाठी जवळजवळ बंद केली. चांगल्या पगाराचा गोरा अधिकारी लाच घेत नाही, लाच हा हाताखालच्या देशी नोकरांचा रोग आहे, असे गृहीत धरूनच पुढचे शतक कारभार चालला. हेस्टिंग्ज यांच्यावरील महाभियोगाला बरोबर शंभर वर्षे होत असताना हे गृहीतक पुण्यात कसाला लागले.

मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर

क्रॉफर्ड यांची मुंबईला नेमणूक झाली तेव्हा शहराची स्थिती विलक्षण होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला होता. इ.स. १८६४ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. इ.स. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि शेअर बाजारातील सट्ट्याबरोबर बँका व कंपन्याही बुडाल्या. वैभवाच्या दिवसांत वाढलेली वस्ती तशीच राहिली होती. गटारे उघडी होती, कत्तलखाने भर वस्तीत होते आणि पाणी अपुरे होते. पटकी दरवर्षी ठाण मांडून बसे.

इ.स. १८६५ च्या कायद्याने नगरकारभाराची सूत्रे एका कमिशनरच्या हाती सोपवली. त्यापूर्वी तिघा कमिशनरांचे मंडळ होते आणि जबाबदारी कोणा एकाची नव्हती. नव्या व्यवस्थेत सरकारने नेमलेल्या शहरातील प्रतिष्ठितांचा, म्हणजे जस्टिस ऑफ द पीस या किताबाच्या गृहस्थांचा समुदाय ही महापालिका ठरली. प्रत्यक्ष अंमलबजावणीचे जवळजवळ सर्व अधिकार मात्र कमिशनरकडे होते. पदावर आले तेव्हा क्रॉफर्ड तिशीत होते.

पुढील सहा वर्षांत त्यांनी जे केले ते त्यांच्या टीकाकारांनीही नाकारलेले नाही. त्यांच्या कारकिर्दीत रस्ते रुंद झाले, सांडपाण्याच्या निचऱ्याची कामे निघाली, शहरातील सखल दलदली बुजवल्या गेल्या आणि कत्तलखाना वांद्र्याला हलवण्यात आला. आरोग्य अधिकारी डॉ. ह्यूलेट यांच्या मदतीने सफाईची शिस्तबद्ध व्यवस्था उभी राहिली. फोर्टच्या तटबंदी पाडून मोकळ्या झालेल्या भागाच्या उत्तर टोकाशी विल्यम इमर्सन यांनी आराखडा केलेली भव्य मंडई बांधण्यात आली. ती इ.स. १८६९ मध्ये पूर्ण झाली. तिच्या प्रवेशद्वारावरील शेतकऱ्यांची उठावशिल्पे आणि आतील कारंज्यावरील शिल्पकाम लॉकवुड किपलिंग यांचे आहे. लेखक रुडयार्ड किपलिंग यांचे ते वडील होत. इ.स. १८८२ मध्ये ही मंडई विजेच्या दिव्यांनी उजळली. भारतातील त्या प्रकारच्या अगदी पहिल्या इमारतींत तिची गणना होते.

या सर्व कामांना पैसा लागत होता आणि तो उभा करताना क्रॉफर्ड यांना मंजुरीची वाट पाहण्याची सवय नव्हती. अंदाजपत्रकापेक्षा जास्त खर्च होऊ लागला, कर वाढले आणि पालिकेवर कर्जाचा बोजा चढला. घरमालक व करदाते चिडले. इ.स. १८७१ मध्ये जेम्स फोर्ब्ज यांनी जस्टिसांच्या सभेत खर्चावर नियंत्रण आणण्याची मागणी केली. नौरोजी फर्दुनजी आणि विश्वनाथ नारायण मंडलिक यांच्यासारखे नेतेही या चळवळीत होते. शहरभर सभा झाल्या.

या गदारोळात क्रॉफर्ड यांची बाजू एका अनपेक्षित माणसाने घेतली. विलायतेहून नुकतेच बॅरिस्टर होऊन आलेले फिरोजशहा मेहता यांनी नोव्हेंबर १८७१ मध्ये फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये एक निबंध वाचला. अंमलबजावणीचा अधिकार एकाच जबाबदार अधिकाऱ्याच्या हाती असावा हे तत्त्व योग्यच आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. दोष त्याच्यावर लक्ष ठेवण्यात कमी पडलेल्या नामनियुक्त जस्टिसांचा असून त्यावर उपाय म्हणून करदात्यांनी निवडून दिलेले प्रतिनिधी आणावेत, असे त्यांनी मांडले. क्रॉफर्ड यांच्या कार्यक्षमतेची त्यांनी मोकळेपणाने स्तुती केली. श्रोत्यांना ती अजिबात रुचली नाही.

क्रॉफर्ड यांनी पद सोडले. इ.स. १८७२ च्या कायद्याने ६४ सदस्यांची महापालिका अस्तित्वात आली आणि त्यांपैकी निम्मे सदस्य करदात्यांकडून निवडले जाऊ लागले. मुंबईच्या लोकनियुक्त नगरकारभाराचा आरंभ अशा रीतीने एका अधिकाऱ्याच्या उधळपट्टीविरुद्धच्या चळवळीतून झाला. त्या वेळी क्रॉफर्ड यांच्यावरील आक्षेपांचा रोख पालिकेचा पैसा बेहिशेबीपणे खर्च करण्यावर होता, तो खिशात घालण्यावर नव्हता. हा फरक पुढील घटनांच्या संदर्भात महत्त्वाचा आहे. त्यांची खासगी राहणीही तशीच खर्चिक होती आणि कर्ज हा त्यांच्या आयुष्याचा कायमचा सोबती बनला होता.

मध्य विभाग आणि मामलेदार

मुंबईनंतर क्रॉफर्ड महसूल खात्यात परतले. कोकणातील नोकरीच्या काळात त्या प्रदेशाशी त्यांचा निकटचा परिचय झाला होता. इ.स. १८८० च्या दशकात ते मध्य विभागाचे कमिशनर झाले. पुणे, अहमदनगर, सोलापूर, सातारा, नाशिक आणि खानदेश हे जिल्हे या विभागात होते आणि कचेरी पुण्यात होती.

महसुली उतरंडीत कमिशनरच्या खाली कलेक्टर, त्यांच्या खाली प्रांत आणि प्रांताच्या खाली मामलेदार असे. वरची पदे बहुतेक युरोपीय अधिकाऱ्यांकडे होती आणि मामलेदार हे भारतीयांना मिळणारे महसूल खात्यातील महत्त्वाचे पद होते. तालुक्याचा सारा वसूल करणे, खजिना सांभाळणे, पाटील-कुलकर्ण्यांवर देखरेख ठेवणे आणि फौजदारी मॅजिस्ट्रेट म्हणून खटले चालवणे ही कामे त्यांच्याकडे असत. आज पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आणि हवेली तालुक्यात असलेल्या पवनाकाठच्या रावेतसारख्या गावातील शेतकऱ्याला कमिशनर आयुष्यात एकदाही दिसला नसता. त्याच्या दृष्टीने सरकार म्हणजे गावचा पाटील, कुलकर्णी आणि तालुक्याचा मामलेदार. सारा माफ व्हावा, तगाई मिळावी, बांधाचा तंटा मिटावा, यांपैकी काहीही हवे असले तरी वाट मामलेदार कचेरीतूनच जात असे.

म्हणून मामलेदाराची नेमणूक, बढती आणि बदली ज्याच्या हातात, त्याच्या हातात सहा जिल्ह्यांतील लाखो रयतेचे दैनंदिन भवितव्य होते. पद मिळवण्यासाठी किंवा अवघड तालुक्यातील बदली टाळण्यासाठी मामलेदाराने पैसे मोजले, तर ते त्याच्या पगारातून भरून निघणारे नव्हते. महात्मा जोतीराव फुले यांनी इ.स. १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या शेतकऱ्याचा असूड या ग्रंथात सरकारी कचेऱ्यांतील लाचखोरीमुळे शेतकऱ्याची होणारी नागवण तपशिलाने मांडली आहे. त्यांच्या टीकेचा मुख्य रोख देशी कामगारांवर होता. पण ऐषआरामात रमलेले गोरे अधिकारी त्याकडे डोळेझाक करतात, हाही त्यांचा स्पष्ट आक्षेप होता. ज्या पुणे जिल्ह्यात इ.स. १८७५ मध्ये सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्याच जिल्ह्यातील ही स्थिती होती.

आरोप आणि पलायन

क्रॉफर्ड यांचा कारभार पैशांवर चालतो, ही कुजबुज पुण्यात दीर्घकाळ होती. हणमंतराव जहागीरदार या नावाचे गृहस्थ कमिशनरांच्या वतीने मामलेदारांशी बोलणी करतात, रक्कम ठरवतात आणि ती स्वीकारतात, असे सांगितले जाई. इ.स. १८८८ मध्ये तक्रारी सरकारदरबारी पोहोचल्या. त्या वेळी लॉर्ड रे हे मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांनी इलाख्याचे पोलीस इन्स्पेक्टर जनरल ओमॅनी यांच्याकडे तपास सोपवला.

तपासात सर्वांत मोठी अडचण पुराव्याची होती. लाच देणारा आणि घेणारा यांच्याखेरीज तिसरा साक्षीदार क्वचितच असतो आणि देणारा स्वतःही गुन्ह्यात सामील असतो. मामलेदार बोलले तर नोकरी जाणार आणि कदाचित तुरुंगही पाहावा लागणार, हे उघड होते. त्यामुळे खरे सांगणाऱ्यावर खटला भरला जाणार नाही आणि त्याची नोकरीही जाणार नाही, असे अभयवचन सरकारच्या वतीने देण्यात आले. त्यानंतर मामलेदार पुढे येऊ लागले आणि त्यांनी दिलेल्या रकमांचे कबुलीजबाब नोंदवले गेले.

क्रॉफर्ड यांना निलंबित करण्यात आले. इ.स. १८८८ च्या पावसाळ्यात त्यांनी वेष पालटून पुणे सोडले, पण मुंबईत त्यांना शोधून काढण्यात आले. ज्या शहराची मंडई त्यांच्या नावाने गजबजलेली होती, त्याच शहरात ते लपण्यासाठी गेले होते. या पलायनाने सर्वसामान्य लोकांच्या मनातील संशयाचा निकाल चौकशीपूर्वीच लागून गेला.

चौकशी आयोग

सरकारपुढे दोन मार्ग होते. भारतीय दंड संहितेच्या कलम १६१ खाली लोकसेवकाने लाच घेणे हा गुन्हा होता, त्यामुळे फौजदारी खटला भरता आला असता. दुसरा मार्ग इ.स. १८५० च्या लोकसेवक चौकशी कायद्याचा होता. हणमंतरावांवर फौजदारी खटला चालला आणि त्यांना शिक्षा झाली. क्रॉफर्ड यांच्यासाठी मात्र दुसरा मार्ग निवडला गेला.

आयोगावर कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आर्थर विल्सन आणि सनदी अधिकारी जे. डब्ल्यू. क्विंटन व आर. जे. क्रॉस्थवेट असे तिघे होते. तिघेही मुंबई इलाख्याबाहेरचे असल्याने निःपक्षपातीपणाविषयी शंका घेण्यास जागा उरली नाही. यांपैकी क्विंटन पुढे आसामचे चीफ कमिशनर झाले आणि इ.स. १८९१ च्या मणिपूर उठावात मारले गेले. आयोगाचे कामकाज इ.स. १८८८ च्या उत्तरार्धात पुण्यात सुरू झाले आणि पुढील वर्षाच्या आरंभापर्यंत चालले. मामलेदारांमागून मामलेदार येऊन आपण किती आणि कशासाठी दिले ते सांगत होते. पुणेकरांच्या दृष्टीने हे दृश्य अभूतपूर्व होते. एका गोऱ्या कमिशनरविरुद्ध त्याच्याच हाताखालचे देशी अधिकारी उघडपणे साक्ष देत होते.

आयोगापुढील कायद्याचा प्रश्न मूळचाच कठीण होता. इ.स. १८७२ च्या पुरावा कायद्यानुसार गुन्ह्यातील साथीदाराची साक्ष ग्राह्य असते. पण तिला महत्त्वाच्या तपशिलांत अन्य पुराव्याची जोड नसेल तर तो साथीदार विश्वासास अपात्र आहे, असे न्यायालय गृहीत धरू शकते. येथे बहुतेक साक्षीदार साथीदारच होते आणि अभयवचनामुळे त्यांच्या साक्षीला आमिषाचा वासही लागला होता. पैसे हणमंतरावांपर्यंत पोहोचले हे दाखवता येत होते. ते पुढे क्रॉफर्ड यांच्या हाती गेले हे निःसंशय सिद्ध करणे वेगळे होते.

आयोगाने लाचेच्या आरोपांतून क्रॉफर्ड यांना मुक्त केले. स्वतःच्या विभागातील लोकांकडून आणि हाताखालच्यांकडून कर्जे घेतल्याचे आरोप मात्र सिद्ध मानले. सरकारी नियमांनुसार अशी कर्जे घेण्यास मनाई होती. मुंबई सरकारला आयोगाचा लाचेबाबतचा निष्कर्ष मान्य नव्हता आणि ते मतभेद त्याने वर कळवले. अखेरीस भारतमंत्री लॉर्ड क्रॉस यांनी लाचेतील दोषमुक्तता कायम ठेवली आणि कर्जांच्या कारणावरून क्रॉफर्ड यांना सेवेतून काढून टाकले.

निकालाने एक विचित्र स्थिती निर्माण झाली. मध्यस्थ तुरुंगात होता आणि पैसे दिल्याचे मामलेदारांनी शपथेवर कबूल केले होते. ज्याच्यासाठी ते पैसे दिले गेले असे सर्व जण सांगत होते, त्याने मात्र ते घेतल्याचे सिद्ध झाले नव्हते. बढत्या आणि बदल्या करण्याचा अधिकार हणमंतरावांना नव्हता, ही साधी गोष्ट त्या काळच्या मराठी वाचकांच्या ध्यानातून सुटण्यासारखी नव्हती.

अभयवचनाचा वाद

क्रॉफर्ड मायदेशी परतल्यावर प्रकरण मिटेल ही अपेक्षा फोल ठरली. आता प्रश्न मामलेदारांचा उभा राहिला. पैसे देऊन पद मिळवल्याचे स्वतः कबूल करणारे अधिकारी मॅजिस्ट्रेटच्या खुर्चीवर कसे बसू शकतात, असा आक्षेप इंग्रजी वृत्तपत्रांतून आणि इंग्लंडमधून घेतला जाऊ लागला. त्याला कायद्याचा आधारही होता. इ.स. १८०९ च्या ब्रिटिश कायद्याने सार्वजनिक पदांची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरवला होता आणि पद विकत घेणारा त्या पदासाठी अपात्र ठरत होता. प्रांतिक सरकारला पार्लमेंटचा कायदा बाजूला सारून नोकरीची हमी देण्याचा अधिकार होता काय, हा प्रश्न मग ब्रिटिश पार्लमेंटमध्येही चर्चिला गेला. लॉर्ड रे यांच्यावर भारतातील युरोपीय समाजातून कडक टीका झाली. एका गोऱ्या अधिकाऱ्याविरुद्ध देशी साक्षी उभ्या केल्याचा राग त्या टीकेत लपलेला नव्हता.

पुण्यात याची प्रतिक्रिया तीव्र उमटली. बाळ गंगाधर टिळक त्या वेळी ३३ वर्षांचे होते आणि दोन वर्षांपूर्वीच केसरीचे संपादक झाले होते. कोल्हापूर प्रकरणातील इ.स. १८८२ च्या कारावासामुळे त्यांचे नाव लोकांना ठाऊक होते. त्यांनी केसरी व मराठा या पत्रांतून मामलेदारांची बाजू लावून धरली आणि इ.स. १८८९ मध्ये पुण्यात भरलेल्या जाहीर सभेत भाषण केले. लाच देणे योग्य होते, असे त्यांचे म्हणणे नव्हते. सरकारने आपल्या सोयीसाठी वचन दिले, त्या वचनावर विसंबून माणसांनी स्वतःला दोषी ठरवणारे जबाब दिले आणि काम झाल्यावर वचन मोडले, तर सरकारी शब्दाला किंमत राहणार नाही, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. आणखी एक मुद्दा त्यात अनुस्यूत होता. वरिष्ठाच्या मागणीपुढे मान तुकवणारा कनिष्ठ आणि मागणी करणारा वरिष्ठ यांना एकाच तागडीत तोलता येत नाही. येथे तर पारडे उलटेच झुकले होते.

अखेर तडजोडीचा मार्ग निघाला. इ.स. १८८९ मध्ये गव्हर्नर जनरलच्या कायदेमंडळाने साक्षीदार मामलेदारांना खटल्यांपासून संरक्षण देणारा खास कायदा केला. पदाची हमी मात्र सरसकट पाळली गेली नाही. दबावाखाली पैसे देणारे आणि स्वतःच्या फायद्यासाठी आपणहून देणारे असा भेद करण्यात आला आणि दुसऱ्या गटातील मामलेदारांना पदावरून दूर केले गेले. या भेदाची रेघ प्रत्यक्षात कोठे ओढायची, हे ठरवणे सोपे नव्हते. ज्या कचेरीत मागितल्याशिवाय देण्याची रीत पडली आहे, तेथे आपणहून दिलेले काय आणि दबावाने दिलेले काय, याचा निवाडा कागदपत्रांवरून होत नाही.

लंडनमधील समांतर प्रकरण

पुण्यात आयोग बसला त्याच इ.स. १८८८ मध्ये लंडनमध्येही भ्रष्टाचाराची मोठी चौकशी चालू होती. इ.स. १८५५ मध्ये स्थापन झालेल्या मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्स या संस्थेने जोसेफ बॅझलगेट यांच्या नेतृत्वाखाली लंडनची भुयारी गटारे आणि थेम्स नदीकाठचे बांध उभारले होते. देशाच्या राजधानीचा कायापालट करणाऱ्या या संस्थेचे काही अधिकारी व सदस्य तिच्या जमिनींच्या भाडेपट्ट्यांतून गुपचूप पैसे कमावत असल्याचे उघड झाले. लॉर्ड हर्शेल यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशनने गैरप्रकारांवर शिक्कामोर्तब केले. बोर्ड इ.स. १८८९ मध्ये इतिहासजमा झाले आणि त्याची जागा लंडन काउंटी कौन्सिलने घेतली. त्याच वर्षी पार्लमेंटने सार्वजनिक संस्थांमधील लाचखोरीला गुन्हा ठरवणारा कायदा संमत केला. त्यात देणारा व घेणारा दोघेही दोषी धरले गेले.

मुंबईचे क्रॉफर्ड आणि लंडनचे हे बोर्ड यांच्यात एक साम्य ठळक आहे. दोघांनीही गटारे आणि रस्ते दिले, आणि दोघांवरही थेट निवडून आलेल्या प्रतिनिधींचा अंकुश नव्हता. लंडनमध्ये घोटाळ्यानंतर लोकनियुक्त मंडळ आले. मुंबई शहराला ते इ.स. १८७२ मध्ये काही अंशी मिळाले होते. पुणे, नाशिक किंवा सोलापूरच्या मामलेदार कचेरीवर असा अंकुश ठेवणारे कोणतेही मंडळ इ.स. १८८९ नंतरही आले नाही.

उत्तरायुष्य

बडतर्फीनंतर क्रॉफर्ड लेखनाकडे वळले. भारतातील पोलीस अधिकाऱ्याच्या आठवणींच्या रूपातील त्यांचे पुस्तक इ.स. १८९४ मध्ये प्रसिद्ध झाले. कोकणातील आख्यायिकांचा एक संग्रहही त्यांच्या नावावर आहे. इ.स. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगचे अधिकारी वॉल्टर रँड यांची हत्या झाली आणि टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. त्याच वर्षी क्रॉफर्ड यांनी पुणे व दख्खनमधील अशांततेवर एक पुस्तक काढले. त्यात पुण्यातील ब्राह्मण समाजावर कठोर हल्ला आहे. स्वतःच्या पतनामागे पुण्यातील कारस्थान पाहणाऱ्या माणसाचे हे पुस्तक असल्याने इतिहासकार ते सावधपणेच वापरतात. जुन्या दख्खनच्या वर्णनासाठी मात्र ते आजही चाळले जाते. इ.स. १९११ मध्ये त्यांचे निधन झाले.

प्रकरणाचे पडसाद

क्रॉफर्ड यांच्या चौकशीसाठी वापरलेला इ.स. १८५० चा कायदा स्वातंत्र्यानंतरही लागू राहिला. त्याखाली चौकशी होऊन बडतर्फ झालेले सनदी अधिकारी एस. ए. वेंकटरामन यांच्या प्रकरणात इ.स. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी चौकशी म्हणजे फौजदारी खटला नव्हे, असा निर्णय दिला. त्यामुळे चौकशीनंतरही त्याच आरोपांवरून स्वतंत्र खटला भरता येतो, हे स्पष्ट झाले. क्रॉफर्ड यांच्या बाबतीत तो कधी भरला गेला नाही.

लाच देणाऱ्याचे काय करायचे, हा मामलेदार प्रकरणातील प्रश्नही भारतीय कायद्यात पुनःपुन्हा उगवला. इ.स. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच दिल्याचे सांगणाऱ्याच्या जबाबावरून त्याच्यावर खटला भरू नये, अशी तरतूद होती. इ.स. २०१८ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली आणि लाच देणे हा सरळ गुन्हा ठरवला. मात्र सक्तीने लाच द्यावी लागलेल्या व्यक्तीने सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवल्यास तिला सूट आहे. सक्तीने देणारा आणि आपणहून देणारा हा इ.स. १८८९ चा भेद अशा प्रकारे कायम आहे. फरक इतकाच की मामलेदारांना बोलायला कित्येक वर्षे लागली होती.

मुंबईच्या नगरकारभाराचे इतिहास लिहिणारे दिनशा वाच्छा आणि रुस्तम मसानी यांनी कमिशनर म्हणून क्रॉफर्ड यांच्या कर्तृत्वाची दखल घेतली आहे. टिळकांच्या चरित्रांतून मात्र ते केवळ पुण्यातील प्रकरणाचे निमित्त म्हणून येतात. त्यामुळे मुंबईचे क्रॉफर्ड आणि पुण्याचे क्रॉफर्ड या जणू दोन वेगळ्या व्यक्ती असल्याचा समज मराठी वाचनात रूढ झाला आहे.

क्रॉफर्ड मार्केट

बडतर्फीनंतरही मुंबईतील मंडईचे नाव बदलले गेले नाही. स्वातंत्र्योत्तर काळात तिला महात्मा जोतिबा फुले मंडई असे नाव देण्यात आले, तरी व्यवहारात जुनेच नाव चालते. मंडईच्या बाजूने जाणारा पूर्वीचा कर्नाक रस्ता आता लोकमान्य टिळक मार्ग म्हणून ओळखला जातो.